लिहून दिलं म्हणजे गुन्हा कबूल केला का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एका पतसंस्थेत रोखपाल होता. अचानक कॅश मोजली तेव्हा ३ लाख ८० हजारांची तूट निघाली. अध्यक्ष, व्यवस्थापक आणि दोन संचालकांनी त्याला संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत केबिनमध्ये बसवून ठेवलं. ‘लिहून दे, पोलिसांत जात नाही, नोकरीही ठेवतो’ असं सांगून कागद लिहून घेतला. त्यात मजकूर असा : ‘माझ्या ताब्यातील रोख रकमेत ३,८०,००० रुपयांची तूट आढळली. सदर रकमा व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून चिठ्ठीवर देण्यात आल्या होत्या. तुटीस मी जबाबदार असून रक्कम भरून देईन.’ चार दिवसांनी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर, हप्त्यांचं लिहून घेतलं. त्यात व्यवस्थापकांचा उल्लेख नाही. एक हप्ता आम्ही भरलाही. पुढं लेखापरीक्षकांच्या फिर्यादीवरून अपहाराचा गुन्हा दाखल झाला, दोन दिवसांची पोलीस कोठडी झाली, आता तो जामिनावर आहे. पोलिसांनी जबाबावर सह्या घेतल्यात, घरातून एक डायरी जप्त केलीय. मित्राला त्यानं व्हॉट्सॲपवर ‘चूक झाली माझ्याकडून, भरून देतो’ असं लिहिलेलं. ठाण्यातले हवालदार म्हणतात, ‘सगळीकडं तुझी कबुली आहे, मॅजिस्ट्रेटपुढं जबाब देऊन टाक, लवकर सुटशील.’ त्यानं कबूल करून मोकळं व्हावं का? वकिलावर पैसे घालवण्यात काही अर्थ आहे का? आणि आईलाही ठाण्यात बोलावलंय, तिनं काय करावं?
— एक बहीण

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातला एक परिच्छेद मी वर छापलेला नाही. भावानं जामिनावर सुटून आल्यावर घरी तुम्हाला जे सांगितलं, तो परिच्छेद. तो माझ्यापाशीच राहील. पण तुम्ही तो यापुढं कुणालाही लिहू नका, मलासुद्धा नाही.

कारण सांगतो. एरवी ऐकीव गोष्ट न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पण आरोपी स्वतः स्वतःविरुद्ध काही बोलला असेल, तर ते ऐकणारा माणूस साक्षीदार होऊ शकतो. आपल्याच तोंडानं आपलं नुकसान करणारं खोटं सहसा कुणी बोलत नाही, या समजावर हा अपवाद उभा आहे. नात्याचं संरक्षण इथं फार तोकडं आहे. नवरा-बायकोतलं खासगी बोलणं आणि वकिलाशी झालेलं बोलणं कायदा झाकून ठेवतो (भारतीय साक्ष अधिनियमाची कलमं १२८ आणि १३२). बहीण, भाऊ, आई, मित्र, आणि सल्ला सदर चालवणारा माझ्यासारखा माणूस, यांच्याशी झालेलं बोलणं झाकलेलं नाही. उद्या तुम्हाला साक्षीला बोलावलं तर शपथेवर खोटं बोला असं मी सांगणार नाही. म्हणून जामिनावर सुटून आल्यावर झालं तसं बोलणं घरात पुन्हा होऊ देऊ नका. त्याला जे सांगायचं आहे ते त्यानं वकिलाला सांगावं, आणि त्या वेळी तुम्ही बाहेर बसावं.

वकिलावर पैसे घालवण्यात अर्थ आहे का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आलं. ज्याच्याशी मोकळेपणानं बोलता येईल असा त्याला सध्या तो एकच माणूस आहे. फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर वकील मोफत मिळतो.

आता हवालदारांच्या वाक्याकडं. ‘सगळीकडं तुझी कबुली आहे’ हे ऐकायला भयंकर वाटतं, आणि ते बोलण्यामागचा हेतूही बहुधा तोच असतो. प्रत्यक्षात भावानं निरनिराळ्या लोकांपुढं, निरनिराळ्या परिस्थितीत काही गोष्टी बोलल्या किंवा लिहिल्या आहेत. यातला प्रत्येक कागद कायद्याच्या तराजूत वेगळा भरतो. एखादा तर भरतच नाही.

केबिनमधला कागद आधी घेऊ, कारण सगळ्यांत जास्त भीती तुम्हाला त्याचीच वाटते आहे. तो मी तीनदा वाचला. त्यात ‘मी पैसे घेतले’ असं कुठंही नाही. तूट आहे, मी जबाबदार आहे, भरून देतो, एवढंच आहे. ही कबुली आहे, पण गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे का? या दोहोंतली रेघ १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, पाकला नारायण स्वामी खटल्यात आखून दिली आणि आपली न्यायालयं आजही तीच मानतात. पुरी स्थानकावर रेल्वेच्या डब्यात ट्रंकेत मृतदेह सापडल्याचं ते प्रकरण. लॉर्ड ॲटकिन यांनी निकालात सांगितलं, की माणसानं गुन्हाच स्पष्ट शब्दांत मान्य केला पाहिजे, नाहीतर गुन्हा ज्या ज्या गोष्टींनी बनतो त्या जवळजवळ सगळ्या तरी मान्य केल्या पाहिजेत, तेव्हा त्याला कबुलीजबाब म्हणायचं. खुनातला सुरा माझा आहे असं कुणी म्हटलं तर ते त्याला फार अडचणीत आणणारं आहे, पण तेवढ्यानं त्यानं खून कबूल केला असं होत नाही.

अपहाराच्या गुन्ह्यात दोन गोष्टी लागतात. पैसे विश्वासानं त्याच्या हाती सोपवले होते, ही एक. आणि त्यानं ते अप्रामाणिकपणे वापरले किंवा वळवले, ही दुसरी. पहिली तर रोखपालाच्या नेमणुकीतच आली, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. दुसरी त्या कागदात नाही. उलट ‘व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून चिठ्ठीवर’ हे शब्द तिच्या विरुद्ध जातात.

लगेच हुरळून जाऊ नका. १९६० सालच्या जयकृष्णदास देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे, की माल किंवा पैसे ताब्यात होते हे सिद्ध झालं आणि त्याचा हिशोब देता आला नाही, किंवा दिलेला हिशोब खोटा निघाला, तर अप्रामाणिकपणाचा निष्कर्ष काढायला न्यायालय मोकळं आहे. म्हणजे कागदात ‘मी घेतले’ असं नाही, एवढ्यावर खटला सुटणार नाही. चिठ्ठ्यांची हकीकत खरी असेल तर ती उभी करावी लागेल. खरी लढाई त्या हकीकतीची आहे, कागदाची कमी.

त्या हकीकतीला कागदाची मदतही होते. फिर्यादी पक्षाला त्यातलं ‘तुटीस मी जबाबदार’ तेवढं उचलून ‘व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून’ हे शब्द वगळता येत नाहीत. कबुली अख्खी वाचायची, हा पलविंदर कौर खटल्यातला १९५२ सालचा दंडक आहे. त्यालाही मुरड आहे. आरोपीच्या बाजूचा भाग इतर पुराव्यानं उघड खोटा ठरत असेल, तर तो बाजूला ठेवून बाकीचा घ्यायला हरकत नाही, असं १९६९ च्या निशिकांत झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. पुन्हा आपण चिठ्ठ्यांपाशीच येतो.

आता दबावाचा मुद्दा. समजा न्यायालयानं तो कागद कबुलीजबाबच मानला. तरी साक्ष अधिनियमाचं कलम २२ आडवं येतं. अधिकारावर असलेल्या व्यक्तीनं, त्या आरोपाच्या संदर्भात, आमिष दाखवून, धमकी देऊन, जबरदस्ती करून किंवा वचन देऊन कबुलीजबाब मिळवला असेल, आणि ‘असं केलं तर आपला फायदा होईल किंवा संकट टळेल’ असं त्या माणसाला वाटणं साहजिक असेल, तर फौजदारी खटल्यात तो कबुलीजबाब गैरलागू ठरतो. फायदा किंवा संकट इहलोकातलं हवं. ‘देवाला स्मरून खरं सांग’ हे आमिष धरत नाहीत. ‘पोलिसांत जात नाही, नोकरी ठेवतो’ हे मात्र पुरतं इहलोकातलं आहे. शिवाय दबाव होता हे आरोपीला काटेकोरपणे सिद्ध करावं लागत नाही. न्यायालयाला तसं दिसलं तरी पुरतं.

पण दोन ठिकाणी ही वाट निसरडी आहे. पतसंस्थेचे अध्यक्ष ‘अधिकारावर असलेली व्यक्ती’ ठरतात का, हे त्या-त्या खटल्यातल्या तथ्यांवर ठरतं. आणि १९६३ च्या प्यारेलाल भार्गव खटल्यात वरिष्ठ अधिकारी म्हणाले होते, की खरं बाहेर आलं नाही तर चौकशी पोलिसांकडं देऊ. त्यानंतर दिलेला कबुलीजबाब सर्वोच्च न्यायालयानं ग्राह्यच धरला. तेव्हा ‘पोलिसांत देऊ असं म्हणाले’ एवढ्यावर विसंबू नका. तुमच्या प्रकरणात त्याहून बरंच जास्त आहे: रात्रीपर्यंत बसवून ठेवणं, नोकरीचं वचन, चौघांच्या गराड्यात एकटा माणूस. हे कशानं दिसेल ते शोधा. शाखेत सीसीटीव्ही असेल तर ते चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवण्याचा आदेश मिळावा म्हणून वकिलांनी तातडीनं अर्ज करावा. त्या रात्री तुम्ही त्याला किती फोन केले, त्यानं किती उचलले, हेही मोबाइल कंपनीच्या नोंदीत असतं.

आणि तो कागद दबावाखाली लिहून घेतला, हे भावानं आजवर कुठं लेखी म्हटलं आहे का? कोठडीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं केलं तेव्हा तरी? पत्रात तसं काही दिसत नाही. कबुली मागे घ्यायची तर लवकर घ्यावी. दोन वर्षांनी उलटतपासणीत पहिल्यांदा ‘मला बसवून ठेवलं होतं’ असं आलं की समोरचे वकील त्याला पश्चात सुचलेलं शहाणपण म्हणतात, आणि न्यायाधीशही बऱ्याचदा मान डोलावतात.

स्टॅम्पपेपरचं मला जास्त वाईट वाटतं. तो चार दिवसांनी झाला. मधल्या काळात भाऊ घरी होता, तुमच्याशी बोलत होता, हवं तर वकिलाकडं जाऊ शकत होता. दबावाचा परिणाम पुरता निवळल्यावर दिलेली कबुली चालते, असं कायदाच सांगतो, आणि पतसंस्था नेमकं तेच म्हणेल. शिवाय चिठ्ठीचं वाक्य त्यातून गळलं आहे. ते आपोआप गळलं नसावं, असं माझं मत. मजकूर कुणी टंकलिखित केला, स्टॅम्प कुणाच्या नावानं घेतला, पैसे कुणी दिले, ते पाहा. मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत खरेदीदाराचं नाव असतं. पतसंस्थेच्याच माणसानं तो आणला असेल तर ‘त्यानं स्वतः होऊन लिहून दिलं’ या म्हणण्याला तडा जातो.

या कागदाची मुख्य धार दिवाणी बाजूला आहे. पतसंस्था सहकार कायद्याखाली वसुलीला आली तर ती हाच कागद पुढं करील. तिथं आमिष-धमकीचं कलम २२ उपयोगी नाही, ते फक्त फौजदारीतलं. मात्र दिवाणीतसुद्धा कबुली म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. कलम २५ म्हणतं, की कबुली हा निर्णायक पुरावा नाही. ती चुकीची होती, गैरसमजातून किंवा दडपणाखाली दिली होती, हे दाखवता येतं. फक्त ते दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो. आणि तिच्यावर विसंबून समोरच्यानं आपलं पाऊल टाकलं असेल तर ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ म्हणून मागं फिरता येत नाही.

पुढचा हप्ता भरावा की नाही? वकिलाला विचारल्याशिवाय भरू नका आणि थांबवूही नका. हप्ता भरणं ही वागणुकीतून दिलेली कबुली म्हणून दाखवली जाते. एकदम थांबवला तर पतसंस्थेला जामिनाविरुद्ध बोलायला निमित्त मिळतं. मधली वाट अशी, की वकिलांनी आधी पत्र द्यावं, आणि भरणा केलाच तर तो हक्क अबाधित ठेवून, आरोप मान्य न करता, असं त्यात स्पष्ट लिहावं. यापुढं तडजोडीची जी काही बोलणी होतील ती ‘ही पुरावा म्हणून वापरायची नाहीत’ या स्पष्ट अटीवर व्हावीत. दिवाणी प्रकरणात अशा अटीवरच्या कबुलीला कलम २१ आडोसा देतं. फौजदारीत तो आडोसा नाही, म्हणून बोलणीसुद्धा भावानं स्वतः करू नयेत. अध्यक्षांच्या घरी जाऊन हात जोडण्याचा जो बेत तुमच्या काकांनी केलाय, तो आजच मोडा.

पोलिसांनी घेतलेल्या सह्यांचीही तुम्ही फार धास्ती घेतली आहे, आणि नेमक्या त्याच सगळ्यांत हलक्या आहेत. पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. खुशीनं दिला, चहा पीत दिला, तरीही नाही. पोलिसांच्या कोठडीत असताना तो दुसऱ्या कुणापुढं दिला, अगदी भेटायला आलेल्या मित्रापुढं, तरी नाही. अपवाद फक्त तिथंच न्यायदंडाधिकारी प्रत्यक्ष हजर असतील तर. ही तरतूद काल-परवाची नाही. १८६१ साली ती फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात आली, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ म्हणून बसली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम २३ आहे. कबुली कशी काढली जाते याची सरकारला इंग्रजांच्या अमदानीतच पुरती कल्पना होती. मोक्कासारख्या विशेष कायद्यात अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब चालतो, पण तुमचं प्रकरण त्यातलं नाही.

शिवाय तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचं, कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. पुढं पुन्हा बोलावलं आणि जबाबावर सही मागितली तर भावानं नम्रपणे एवढंच म्हणावं, की वकिलांनी सही करू नको असं सांगितलंय. जायचं मात्र वेळेवर. आणि विचारलेलं प्रत्येक उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधला हक्क आहे. हस्ताक्षराचे नमुने मागितले तर ती गोष्ट वेगळी. काथी कालू ओघड खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. चिठ्ठ्यांवरचं अक्षर व्यवस्थापकांचं असेल, तर अक्षरं तपासली जाणं तुमच्याच फायद्याचं आहे. उलट त्यांचेही नमुने घ्या, असा अर्ज वकिलांनी करावा.

कलम २३ च्या भिंतीला एक खिडकी मात्र आहे, आणि तुमची डायरी त्या खिडकीतून आत आली आहे. कोठडीतल्या आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट सापडली, तर त्या माहितीतला तेवढाच, शोधाशी थेट जोडलेला भाग सिद्ध करता येतो. जुन्या कायद्यातलं हे कलम २७, वकिलांच्या तोंडी आजही तोच आकडा असतो. पोलीस आधी दोन पंचांसमोर आरोपीचं निवेदन लिहितात, मग त्याच्यामागं जाऊन वस्तू काढतात आणि जप्ती पंचनामा करतात. भावाच्या निवेदनात बहुधा असं असेल: ‘अपहार केलेल्या रकमांच्या नोंदी असलेली डायरी मी घरातल्या कपाटात ठेवली आहे, ती काढून देतो.’ यातलं ‘डायरी कपाटात ठेवली आहे, काढून देतो’ एवढं आत येतं. ‘अपहार केलेल्या’ हे शब्द बाहेर राहतात. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं १९४७ सालीच ही चाळणी लावून दिली, आणि ती न वापरता अख्खं निवेदन वाचून दाखवण्याचा मोह आजही सरकारी पक्षाला आवरत नाही. तुमच्या वकिलांनी तिथं उठून हरकत घ्यायची.

पंचनाम्यात आणखी बघण्यासारखं बरंच असतं. डायरी घरी आहे हे पोलिसांना आधीच माहीत होतं का? तसं असेल तर शोध कसला? पंच त्याच गावचे होते की ठाण्याच्या ओळखीतले? झडती आणि जप्तीचं दृक्‌-श्राव्य चित्रण आता सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणं करावं लागतं. ते झालं का? तुम्ही त्या वेळी घरात होता, तेव्हा जे पाहिलं ते आठवतंय तोवर वकिलांना सांगून ठेवा. डायरीला मात्र शत्रू समजू नका. कुणाला, कधी, किती, कुणाच्या सांगण्यावरून, हे तिच्यात तारखेनं लिहिलेलं असेल, तर भावाच्या बाजूचा तोच सगळ्यांत मोठा पुरावा आहे.

व्हॉट्सॲपचा निरोप. ‘चूक झाली माझ्याकडून, भरून देतो.’ चूक कसली? चिठ्ठीवर पैसे सोडण्याची की पैसे खाण्याची? एवढ्या मोघम वाक्यावर कुणाला शिक्षा होऊ नये. न्यायालयाबाहेरची कबुली हा पुरावा मुळातच दुबळा मानतात. तिला इतर पुराव्याचा टेकू लागतो. शिवाय मोबाइलमधला मजकूर दाखल करायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात, २०२० साली, जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयानं ते अनिवार्य असल्याचं सांगितलं होतं. पण तो निरोप पुसू नका, मित्रालाही पुसायला सांगू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पुसलेला निरोप ठेवलेल्या निरोपापेक्षा जास्त बोलतो. त्या आधीचं-नंतरचं संभाषणही जपून ठेवा. संदर्भ तिथंच असतो.

आता हवालदारांचा सल्ला. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा कबुलीजबाब, नव्या संहितेचं कलम १८३, जुन्याचं १६४. वरच्या सगळ्या कागदांत मिळून जेवढं वजन नाही तेवढं या एका कागदात असतं, आणि म्हणूनच तो मिळावा अशी त्यांची इच्छा आहे. तो घेण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगावं लागतं, की हे देणं तुझ्यावर बंधनकारक नाही, दिलंस तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. तो खुशीनं देतोय याची खात्री पटल्याशिवाय ते नोंदवू शकत नाहीत. विचार करायला साधारण २४ तास तरी द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं सरवनसिंग खटल्यात १९५७ सालीच म्हटलं आहे. ऐन वेळी ‘मला द्यायचा नाही’ म्हटलं म्हणून त्याला पोलिसांच्या ताब्यात पाठवता येत नाही. ‘लवकर सुटशील’ हे आश्वासन पूर्ण करणं हवालदारांच्या हातात नाही. नोकरानं केलेल्या अपहाराला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ती ठरवणारा न्यायाधीश त्या संभाषणात कुठंच नव्हता.

तेव्हा माझं स्पष्ट मत: आत्ता, या घडीला, हा जबाब देऊ नये. दोषारोपपत्र अजून आलेलं नाही. पोलिसांकडं काय आहे ते न पाहता आपले पत्ते टेबलावर टाकण्याची घाई कशाला?

यावर तुम्ही विचाराल, आणि न छापलेल्या परिच्छेदामुळं विचारणं रास्तच आहे, की त्यातलं थोडं जरी खरं असेल तर? मी न्यायाधीश नाही आणि भावाला निर्दोष म्हणत नाही. पण ३ लाख ८० हजारांचा आकडा पतसंस्थेनं मांडला आहे. त्यातल्या कशाशी त्याचा संबंध आहे आणि कशाशी नाही, हे त्यानं वकिलांसमोर बसून, डायरीच्या नोंदी घेऊन, पैन्‌ पैचं लावावं. मन मोकळं करायचं म्हणून दुसऱ्यांनी नेलेल्या पैशांचा हिशोबही आपल्या नावावर घेणं हा प्रामाणिकपणा नव्हे. जेवढं त्याचं आहे तेवढं मान्य करायचंच ठरलं, तर त्यासाठीही नीट वाट आहे. दोषारोप निश्चित झाल्यावर ३० दिवसांच्या आत प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा मान्य करून शिक्षेत तडजोड मागण्याचा, अर्ज करता येतो. त्या अर्जात मांडलेल्या गोष्टी दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाहीत. मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबाला असं कुंपण नाही. हे पाऊलही वकिलांशिवाय नको.

नोकरीच्या खातेनिहाय चौकशीची नोटीस येईल तेव्हा गडबडू नका. तिथं साक्षीचा कायदा काटेकोरपणे लागत नाही, त्यामुळं केबिनमधला कागद तिथं वाचला जाईल. पोलिसांपुढच्या जबाबावर मात्र तिथंही एकट्यानं भागत नाही; रूपसिंग नेगी या बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं. उत्तर द्यायला मुदत मागा, आणि उत्तरात फौजदारी खटल्याला बाधेल असं एकही वाक्य जाऊ देऊ नका. आपल्या लोकांना सविस्तर खुलासे लिहायची फार हौस असते. इथं ती आवरा.

शेवटी आईंचं. साक्षीदार म्हणून चौकशीसाठी कुठल्याही स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडं बोलावता येत नाही, सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये तसं आहे. तेव्हा आईंनी ठाण्यात जायचं नाही. वकिलांमार्फत लेखी कळवा, की चौकशी करायची असल्यास घरी यावं, त्या हजर राहतील. पोलीस आले की त्यांनी स्वतः पाहिलेलं तेवढंच सांगावं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, अंदाज बांधू नये, कुणाचं ऐकून बोलू नये, आणि लिहिलेल्या जबाबावर सही करू नये. भावानं तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही अजून आईंना सांगितलेलं नाही, असं पत्रात आहे. ते तसंच राहू द्या.